दीडशे शब्द म्हणजे कोणी मोजलेले दीडशे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या वाचकांच्या पत्रांखाली बारीक टायपात एक ओळ असते, पत्र दीडशे शब्दांत असावं अशी. हे पत्र त्यात बसणार नाही हे मला आधीच माहितीय, त्यामुळे छापलं नाहीत तरी राग नाही, पण निदान वाचा, कारण माझं जे काही म्हणणं आहे ते त्याच ओळीबद्दल आहे.

झालं असं की मागच्या वर्षी एका दिवाळी अंकासाठी लेख मागितला होता, बाराशे शब्द, त्यावर एकही नको, पानं ठरलेली आहेत असं बजावून सांगितलेलं. मी आमच्या कराडच्या भाजीबाजारावर लिहिलं, चार दिवस घासूनपुसून ११९६ वर आणलं आणि खुशीत पाठवून दिलं. दुसऱ्या दिवशी फोन, ताई अडतीस शब्द जास्त झालेत, कापून द्या. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं, परत मोजलं तर ११९६. त्यांच्याकडे १२३८. शेवटी भाच्याला बसवलं समोर, त्याने दोन्हीकडची फाइल उघडली आणि पाच मिनिटांत हसायला लागला. मावशी, तू डॅश किती वापरतेस गं.

मी लिहिते लिब्रे ऑफिसमध्ये आणि त्यांच्याकडे एमएस वर्ड. वर्डचा हिशोब सरळ आहे, दोन मोकळ्या जागांच्या मध्ये जे काही दिसेल तो एक शब्द, मग ती नुसती आडवी रेघ का असेना. लिब्रे ऑफिसमध्ये लांब डॅश हे शब्द तोडणारं चिन्ह म्हणून आधीच नोंदवलेलं असतं, त्यामुळे तिथे डॅशला शब्दाचा मान मिळत नाही. माझ्या लेखात दोन्ही बाजूंना जागा सोडून टाकलेले बेचाळीस डॅश होते. ११९६ आणि ४२, करा बेरीज. म्हणजे मी बाजारातल्या त्या भाकरी विकणाऱ्या आजींचा अख्खा परिच्छेद कापायला बसले होते आणि तोही बेचाळीस रेघांपायी! रेघांच्या जागी स्वल्पविराम टाकले, आजी वाचल्या. तेव्हापासून डॅश बंद, या पत्रातही शोधून सापडायचा नाही.

तर तेव्हापासून मला हा नादच लागला की मराठी लेख लिहायला शब्द मोजायचं कुठलं साधन घ्यावं. घरात चेष्टा होते, पण जो कोणी मराठीत लिहून चार पैसे मिळवतो त्याला हे कधी ना कधी आडवं येतंच.

पहिल्यांदा मी सगळे करतात तेच केलं, नेटवर शोधलं आणि ज्या फुकट साइट आल्या त्यांच्यात एकच परिच्छेद टाकून बघितला. एका साइटने मला शून्य दाखवलं. अख्खा परिच्छेद डोळ्यासमोर दिसतोय आणि खाली लिहिलंय शून्य शब्द, म्हणजे मराठीत लिहिलं की लिहिलंच नाही असं. दुसऱ्या एकीने उलट टोक गाठलं, माझ्या मोजणीच्या दुपटीच्या वर आकडा. भाच्याने याचं कारण सांगितलं ते मला फार आवडलं म्हणून लिहिते. असली साधनं बनवणारे लोक संगणकाला सांगतात की अक्षरं एकापाठोपाठ एक येत राहिली की तो शब्द धर. आता अक्षर म्हणजे फक्त ए ते झेड असं ज्याने गृहीत धरलं त्याच्याकडे आपलं सगळंच शून्य. आणि ज्याने क, ख, ग ला अक्षर मानलं पण काना, मात्रा, वेलांटीला मानलं नाही त्याच्याकडे वेलांटी आली की शब्द तुटला. मग किती या शब्दाचे क आणि त असे दोन शब्द होतात आणि स्त्री या एका शब्दाचे चक्क तीन, स, त, र. मी गंमत म्हणून त्याच साइटवर पहिलीच्या पुस्तकासारखं बिनमात्रेचं वाक्य टाकून बघितलं, मदन घर बघ, तर बरोबर तीन शब्द! म्हणजे त्या साइटच्या हिशोबाने मराठी लिहावी तर बाराखडी सुरू व्हायच्या आत थांबावं.

म्हणून माझी चाचणी आता ठरलेली आहे. नवीन कुठलंही साधन दिसलं की आधी एवढंच टाकायचं, स्त्री किती हुशार. तीन आले तर पुढे बोलायचं, नाहीतर खिडकी बंद. वेळ लागतो दहा सेकंद.

आता कॅरेक्टरची गोष्ट, कारण बऱ्याच ठिकाणी शब्द नाही तर कॅरेक्टरची मर्यादा असते आणि आपण त्याला सरळ अक्षरं म्हणून मोकळे होतो. महाराष्ट्र लिहिताना आपण किती अक्षरं म्हणतो? चार. म, हा, रा, ष्ट्र. संगणकाच्या लेखी ती दहा आहेत, कारण काना वेगळा, पायमोडका हलन्त वेगळा, सगळ्याला स्वतंत्र नंबर दिलेला असतो. खोटं वाटत असेल तर स्त्री टाइप करून बॅकस्पेस दाबून बघा, माझ्या लॅपटॉपवर ती एका फटक्यात जात नाही, आधी वेलांटी जाते, मग र, मग हलन्त, असे सहा वेळा दाबावं लागतं तेव्हा कुठे जागा मोकळी होते. मध्ये एक ऑनलाइन अर्ज भरत होते, पाचशे कॅरेक्टरमध्ये स्वतःची माहिती द्या म्हणे, मी आपली पाचशे अक्षरं समजून मोकळेपणाने सुरुवात केली आणि नोकरीपर्यंत यायच्या आतच चौकट लाल झाली. एक्सवर, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर, साध्या खात्याला २८० कॅरेक्टरची मर्यादा आहे तिथेही महाराष्ट्र दहाच खातो. आणि मोबाइलच्या साध्या एसएमएसमध्ये तर अजून मजा, इंग्रजीत एका मेसेजमध्ये १६० बसतात, त्यात मराठीचं एक अक्षर जरी आलं की मर्यादा ७० वर उतरते, त्यामुळेच छोटासा वाटणारा मराठी निरोप पाठवला तरी दोन मेसेजचे पैसे कापले जातात.

त्यात एकच शब्द दोन प्रकारे टाइप होऊ शकतो हे तर मला अगदी अलीकडे कळलं. ॲप मधला ॲ काही कीबोर्डवर एका चिन्हात येतो तर काही ठिकाणी अ काढून त्यावर चंद्र ठेवला जातो, दिसायला सारखंच पण मोजणीत एक जास्त. ऱ्या चंही तसंच, जुन्या पद्धतीने काढलेल्या ऱ्या मध्ये एक न दिसणारं चिन्ह दडलेलं असतं आणि ते कॅरेक्टरमध्ये धरलं जातं. शब्दसंख्येला याने धक्का लागत नाही, पण त्या फाइलमध्ये एखादा शब्द शोधायला गेलात की समोर दिसत असून सापडत नाही, आणि आपण आपल्याच डोळ्यांवर संशय घेतो.

पण हे सगळं तांत्रिक झालं, माझी खरी पोटदुखी वेगळीच आहे. मी भाषांतराची कामं घेते, इंग्रजीतून मराठी, कधी हिंदीतून. त्यात पैसे शब्दावर. पहिल्या कामाच्या वेळी मी विचारलंच नाही की शब्द कुठले, इंग्रजी की मराठी, आणि ज्यांनी काम दिलं त्यांनीही आपण होऊन सांगितलं नाही. हजार शब्दांचं इंग्रजी होतं, मराठीत झाले सातशेच्या आसपास, आणि बिल मराठी शब्दांवर काढायला सांगितलं. म्हणजे काम हजाराचं, पैसे सातशेचे. मला आधी वाटलं मी काहीतरी गाळलं की काय, ओळ ओळ ताडून बघितली, काही गाळलेलं नव्हतं. आपली भाषाच तशी आहे.

एक वाक्य देते. घरासमोरच्या झाडाखाली बसलेल्या आजोबांनी नातवाला गोष्ट सांगितली. मोजा, सात शब्द. हेच हिंदीत लिहा, घर के सामने के पेड़ के नीचे बैठे दादाजी ने पोते को कहानी सुनाई, झाले चौदा. बरोब्बर दुप्पट! इंग्रजीत द ग्रँडफादर सिटिंग अंडर द ट्री इन फ्रंट ऑफ द हाउस असं करत करत सोळावर जातं. आजोबा तेच, झाड तेच, गोष्ट तीच. आपण प्रत्यय शब्दाला चिकटवून लिहितो, समोर, खाली, साठी, पासून ही शब्दयोगी अव्ययं पण चिकटवूनच लिहायची असा शाळेत बाईंनी छडी घेऊन शिकवलेला नियम, घरासमोरच्या या एका शब्दात घर आहे, समोर आहे आणि वर च्या पण आहे, पण मोजणारं यंत्र म्हणतं एक. हिंदीवाले ने, को, के सुटे लिहितात, त्यांना प्रत्येकाचे पैसे मिळतात. यात हिंदीवाल्यांचा काही दोष नाही, पण एकाच इंग्रजी मजकुराचं दोन्ही भाषांत काम निघालं आणि दर सारखा असला की मराठीवाल्याचं पाकीट हलकं राहतं एवढं नक्की. यावर उपाय एकच, काम घेतानाच मूळ मजकुरावर मोजणी ठरवून घ्यायची आणि ती कशात मोजली तेही ईमेलवर लिहून घ्यायचं. मी आता तेच करते, आणि नवीन पोरापोरींना पण तेच सांगते, नंतर भांडण्यात काही अर्थ नसतो.

काही जण याच्यावर तोड काढतात तीही मला माहितीय, झाडा खाली, घरा समोर, तुमच्या साठी असं तोडून तोडून लिहायचं की शब्द फुगतात. मुद्दाम करणारे थोडेच असतील, बाकीच्यांना मोबाइलने सवय लावली, मी स्वतः बोलून टाइप करते तेव्हा फोन कधी साठी जोडतो कधी तोडतो, त्याचं त्यालाच ठाऊक. पण वाचताना दातात खडा आल्यासारखं होतं हो.

याच्या उलट आमचा भाचा. इंजिनीअर आहे, हुशार आहे, पण स्वल्पविरामानंतर जागा सोडायची असते हे त्याला कुणी शिकवलंच नाही. आंबा,फणस,काजू,कोकम असं एका दमात टाइप करतो. त्याने कॉलेजच्या अंकासाठी लेख लिहिला होता, सहाशे शब्द हवे होते, त्याचे भरले ५४० आणि साहेब अजून एक परिच्छेद पाणी घालायला बसले. मी नुसत्या स्वल्पविराम आणि पूर्णविरामाच्या पुढे जागा दिल्या तर सहाशेच्या वर गेला. कारण यंत्राला आंबा ते कोकम हा एकच शब्द दिसत होता. तसंच आद्याक्षरांचं, ना. सी. फडके असं लिहिलं तर तीन शब्द आणि ना.सी.फडके असं चिकटवलं तर एक. इ.स. आणि इ. स. मध्येही तेच. म्हणजे निम्मी शब्दसंख्या साधनावर आणि निम्मी आपल्या सवयींवर. मोजायच्या आधी शोधा आणि बदला वापरून दोन दोन स्पेस काढून टाकाव्यात, विरामचिन्हांपुढच्या जागा तपासाव्यात, मग मोजावं, कारण काही साधी साधनं नुसत्या स्पेस मोजून त्यात एक मिळवतात आणि तिथे प्रत्येक जादा स्पेसचा एक शब्द होतो.

माझे सासरे सातारला छापखान्यात जुळारी होते, खिळे म्हणजे छपाईची सुटी अक्षरं जुळवायचे. आता नाहीत ते. त्यांना मी एकदा विचारलं होतं की तुमच्या वेळी शब्द कोण मोजायचं, तर म्हणाले शब्द मोजायला वेळ कुणाला होता, गॅली, म्हणजे जुळवलेले खिळे ठेवायचा ट्रे, किती भरली ते बघायचं. मजकूर जास्त झाला तर संपादक कंपोझिंगच्या टेबलापाशी उभे राहून शेवटच्या चार ओळी काढा म्हणायचे आणि कमी पडला तर दोन परिच्छेदांच्या मध्ये पट्टी घालायची. त्यांच्या बोटांना माहिती होतं की घरासमोरच्या हा शब्द किती जागा खातो, त्यांच्या लेखी तो एक शब्द नव्हताच, तो केवढ्या तरी खिळ्यांचा ऐवज होता. मला वाटतं पानाच्या दृष्टीने त्यांचंच बरोबर होतं, कारण तुम्हाला शेवटी जागाच भरायची असते, आणि प्रतिष्ठापनेनिमित्त हाही एक शब्द आणि ना हाही एकच शब्द असेल तर दीडशे शब्दांत किती जागा लागेल हे कोण सांगणार.

बरं, तर मी शेवटी काय वापरते. घरी लॅपटॉपवर लिब्रे ऑफिस, फुकट आहे, इंटरनेट लागत नाही, खालच्या पट्टीत शब्द आणि कॅरेक्टर दोन्ही दिसत राहतात, आणि शब्द तोडणाऱ्या चिन्हांच्या यादीत आपल्याला भर घालता येते, मी तिरकी रेघ घातलीय म्हणजे आई/वडील दोन मोजले जातात. एसटीत किंवा दवाखान्यात नंबर यायची वाट बघताना मोबाइलवर गुगल डॉक्स, वरच्या तीन टिंबांत गेलं की शब्दसंख्या मिळते. लॅपटॉपवर त्यातच कंट्रोल शिफ्ट सी दाबायचं, आणि तिथे टाइप करताना आकडा दिसत राहील अशी खूण पण करता येते. पाठवायच्या आधी मात्र समोरचा ज्यात उघडणार त्यात एकदा मोजते, बहुतेक ठिकाणी वर्डच असतं, तिथे कंट्रोल शिफ्ट जी. त्या खिडकीत तळटीपा धरायच्या की नाही याची एक चौकट असते, तिच्याकडे बघायचं, माझ्या एका मैत्रिणीच्या शोधनिबंधाचा गोंधळ त्याच एका टिकमार्कने झाला होता. पीडीएफमधून कॉपी करून कधीही मोजू नये, मराठी मजकूर त्यातून निघताना मात्रा इकडच्या तिकडे जातात आणि शब्दांच्या पोटात जागा पडतात, त्यावरचा आकडा म्हणजे नुसती थट्टा. आणि न छापलेला लेख अनोळखी साइटवर टाकायला मला तरी धजवत नाही, तो पुढे कुठे जातो कोण जाणे.

भाचा म्हणतो हे सगळं सोडून दे, लिनक्स या संगणक प्रणालीवर डब्ल्यूसी नावाची शब्द मोजायची कमांड आहे, आधीच्या युनिक्समध्ये १९७१ पासून चालत आलेली, ती वापर. नाव ऐकूनच मी नको म्हटलं. पण त्याने दाखवलं तेव्हा एक गोष्ट समजली, ती शब्द वेगळे मोजते, कॅरेक्टर वेगळे आणि बाइट, म्हणजे संगणकात साठवायला लागणारी जागा, वेगळी. महाराष्ट्रचे बाइट आले तीस. चार अक्षरं, दहा कॅरेक्टर, तीस बाइट, आणि शब्द एक. मी आणि भाचा दोघेही बरोबर होतो आणि दिवाळी अंकवालेही बरोबरच होते. प्रत्येकजण वेगळंच काहीतरी मोजत होता, एवढंच.

म्हणून संपादक महोदय, माझी मागणी फार मोठी नाही. त्या दीडशे शब्दांच्या ओळीत अजून चार शब्द घाला, कशात मोजलेले ते सांगा. वर्ड म्हणा, गुगल डॉक्स म्हणा, काहीही चालेल, आम्ही त्याच मापाने मोजून पाठवू. रविवारच्या पुरवणीत लेख मागवता तिथे तर याची जास्तच गरज आहे, कारण तिथे लोक अख्खे परिच्छेद कापून पाठवतात आणि ते का कापले हे तुम्हाला कधी कळत पण नाही. आणि जमलंच तर शब्दांऐवजी स्पेससकट इतके कॅरेक्टर असं देऊन बघा, पानावरच्या जागेचा अंदाज त्याने बराच जवळचा येईल असं मला वाटतं, तुमची पानं लावणारी मंडळी जास्त सांगू शकतील, त्यांना विचारा.

हे पत्र छापायचं ठरलंच तर कापावं लागणार, ते उघडच आहे. वाटेल तिथे कात्री लावा, फक्त सासऱ्यांच्या गॅलीचा भाग राहिला तर बघा, घरात कात्रण ठेवायचंय.

आपली,
एक जुनी वाचक, कराड